फाशीची शिक्षा झालेला ग्रंथपाल

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस बसून वाचत, ही गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते. जयंतीच्या भाषणात ती येते, अभ्यास टाळणाऱ्या मुलाला आई तीच ऐकवते. पोटाला चिमटा काढायचा, दार उघडताच आत शिरायचे आणि दार बंद होईपर्यंत जागेवरून उठायचे नाही, अशी ती गोष्ट. आम्हीही ती व्यासपीठावरून कितीतरी वेळा सांगितली आहे. परंतु त्या गोष्टीतला एक साधा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही आणि आम्हाला कोणी विचारलाही नाही. लाखो ग्रंथांच्या त्या डोंगरातून बाबासाहेबांना हवे ते पुस्तक सापडत कसे होते?

उत्तर आहे, यादीमुळे. ग्रंथालयशास्त्राच्या भाषेत तालिकेमुळे. त्या घुमटाखालच्या गोल दालनाच्या मध्यभागी गोलाकार कपाटांत तालिकेचे खंड मांडलेले असत. वाचकाने खंड उघडायचा, लेखकाचे नाव शोधायचे, पुस्तकाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि पुस्तक आपल्या मेजावर येण्याची वाट पाहायची. ही यादी ज्या नियमांवर उभी होती ते नियम आणि ते गोल दालन, या दोन्हींच्या मागे एकच माणूस होता. तो इंग्रज नव्हता. तो परागंदा होता आणि त्याच्या मायदेशात त्याला फाशीची शिक्षा झालेली होती. त्याचे नाव अँटोनियो पानिझ्झी. या माणसाची ओळख आपल्या वाचकांना असली पाहिजे असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पानिझ्झीचा जन्म १६ सप्टेंबर १७९७ रोजी उत्तर इटलीत पो नदीच्या काठी ब्रेशेल्लो या गावी झाला. इटली नावाचे एकसंध राष्ट्र तेव्हा नव्हते. लहानलहान राज्ये होती. ब्रेशेल्लो मोडेनाच्या राज्यात होते. पानिझ्झीने पार्मा विद्यापीठातून १८१८ साली कायद्याची पदवी घेतली आणि गावात वकिली सुरू केली. पोट भरेल, मान मिळेल, एवढे त्याच्याकडे होते. परंतु मोडेनाचा ड्यूक चौथा फ्रान्सिस हा अत्यंत जुलमी राज्यकर्ता. स्वातंत्र्य, संविधान हे शब्द उच्चारणेही त्याच्या राज्यात गुन्हा. अशा राज्यात तरुण पानिझ्झी कार्बोनारी या गुप्त क्रांतिकारक संघटनेच्या कामात ओढला गेला. १८२२ साली धरपकड सुरू झाली, रुबिएरा येथे विशेष न्यायालय बसले, साथीदार पकडले गेले. पानिझ्झी निसटला आणि स्वित्झर्लंडला पोहोचला.

तिथे स्वस्थ बसणारा हा गडी नव्हता. रुबिएराच्या खटल्यांत न्यायाचा कसा गळा घोटला गेला हे जगाला सांगणारे पुस्तक त्याने लिहिले. १८२३ साली मोडेनाच्या न्यायालयाने त्याच्या अपरोक्ष त्याला फाशीची शिक्षा ठोठावली. माणूस हाती लागला नाही म्हणून त्याच्या प्रतिमेला फाशी देण्यात आली. एवढ्यावरही सरकारचे समाधान झाले नाही. खटल्याचा आणि फाशीचा खर्च भरा, असे बिल त्यालाच पाठवण्यात आले! पानिझ्झीनेही कैलासवासी पानिझ्झीच्या आत्म्याने परलोकातून लिहावे अशा थाटात त्याचे उत्तर धाडले. जुलमी सत्तेला हसता येणे, हीसुद्धा एक ताकद असते.

१८२३ च्या मे महिन्यात तो लंडनला आला. खिशात पैसे नाहीत, तोंडात इंग्रजी नाही. परागंदा इटालियन कवी उगो फोस्कोलो याने त्याला ओळखीची पत्रे देऊन लिव्हरपूलला पाठवले. तिथे इटालियन भाषेच्या शिकवण्या घेऊन त्याने दिवस काढले आणि स्वतः इंग्रजी शिकला. पुढे हेन्री ब्रूम या वजनदार कायदेपंडिताशी त्याचा स्नेह जुळला. लंडनमध्ये १८२६ साली एक नवे विद्यापीठ स्थापन झाले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे धर्माची अट होती. इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा नसलेल्या विद्यार्थ्याला तिथे पदवीचे दार बंद होते. नव्या विद्यापीठाने ती अट ठेवली नाही. १८२८ साली याच विद्यापीठात पानिझ्झी इटालियन भाषेचा प्राध्यापक झाला. हुद्दा मोठा, विद्यार्थी मात्र मोजके आणि मिळकत तुटपुंजी. १८३१ साली ब्रूमच्याच प्रयत्नाने त्याला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जादा सहायक ग्रंथपालाची नोकरी मिळाली. तिथून त्याचे खरे आयुष्य सुरू झाले.

त्या काळचे ग्रंथालय म्हणजे मोठे भांडार, पण आत शिरायची वाट नाही, अशी अवस्था होती. १८१३ ते १८१९ या काळात सात खंडांची छापील तालिका निघाली होती. त्यानंतर आलेली पुस्तके हाताने लिहून तिच्यात घुसडली जात. कोणी लेखकाच्या नावाने नोंद करी, कोणी पुस्तकाच्या नावाने, तर कोणी आपल्या मनाने. एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या दोन टोकांना. ज्याची ग्रंथपालांशी ओळख, त्याला पुस्तक मिळणार. ज्याची ओळख नाही त्याने हात हलवत परत जायचे. हा प्रकार आपल्या वाचकांना परका वाटणार नाही.

१८३५-३६ मध्ये ब्रिटिश संसदेने म्युझियमच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिच्यासमोर पानिझ्झीने साक्ष दिली. त्या साक्षीचा गाभा असा की, पुस्तकांच्या बाबतीत तरी गरीब विद्यार्थ्याला देशातल्या सर्वात श्रीमंत माणसाइतकीच साधने मिळाली पाहिजेत आणि ती मिळवून देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ज्या देशात सरदार-उमरावांची खाजगी ग्रंथालये म्हणजे घराण्याची शान होती, त्या देशात एका परक्या निर्वासिताने सरकारी समितीपुढे बसून हे सांगितले. बाबासाहेबांचे पाऊल त्या दालनात पडण्याच्या ८० वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

१८३७ साली पानिझ्झी छापील ग्रंथ विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याहून वयाने आणि नोकरीनेही ज्येष्ठ असलेले हेन्री केरी, दान्तेचे नामवंत इंग्रजी अनुवादक, मागे राहिले. मग काय, वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली. हा परदेशी इंग्रजांच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर बसतोच कसा? वास्तविक १८३२ सालीच त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते. परंतु नागरिकत्व कागदावर मिळते आणि परकेपणा लोकांच्या नजरेत उरतो, हा अनुभव जगभर सारखाच आहे.

विश्वस्तांना घाई होती. त्यांना झटपट छापील यादी हवी होती. पानिझ्झीचे म्हणणे वेगळे होते. आधी नियम ठरवा, मग नोंदी करा, सगळ्या नोंदी पुऱ्या झाल्यावरच छापा. थॉमस वॉट्स, जॉन विंटर जोन्स, एडवर्ड एडवर्ड्स आणि जॉन हम्फ्रीज पॅरी या सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्याने नियमांचा मसुदा तयार केला. प्रत्येकाने आपले नियम मांडायचे, मग वाद घालायचा आणि जे टिकेल ते ठेवायचे, अशी पद्धत होती. १८३९ साली विश्वस्तांनी मान्यता दिली आणि १८४१ साली ए या एका अक्षराच्या छापील खंडाबरोबर ते ९१ नियम प्रसिद्ध झाले. तालिकीकरणाच्या इतिहासात ९१ नियम एवढे म्हटले की जाणकारांना पानिझ्झीच आठवतो.

पुस्तकाची यादी करायला ९१ नियम कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. महात्मा फुले यांचे नाव कुठे जोतीराव छापलेले असते, कुठे जोतिराव, कुठे जोतिबा, कुठे ज्योतिबा, तर कुठे नुसते महात्मा फुले. यादी करणाऱ्याने पुस्तकावर जसे दिसले तसे उतरवून घेतले, तर एकाच माणसाचे ग्रंथ पाच ठिकाणी विखुरतील. गुलामगिरी एका पानावर आणि शेतकऱ्याचा असूड भलत्याच पानावर. वाचकाला वाटेल, या माणसाने एकच पुस्तक लिहिले! यावर उपाय एकच. एक नाव पक्के करायचे, सगळे ग्रंथ त्या एका नावाखाली एकत्र आणायचे आणि उरलेल्या प्रत्येक रूपाखाली अमुक नाव पाहा, अशी चिठ्ठी ठेवायची. पानिझ्झीच्या नियमांचा कणा नेमका हाच आहे. नावावरून नावाकडे, नावावरून ग्रंथाकडे आणि ग्रंथावरून ग्रंथाकडे अशा तीन प्रकारच्या चिठ्ठ्या त्याने सांगितल्या. यादी म्हणजे मालाची मोजदाद नव्हे. विखुरलेल्याला एकत्र आणणारे ते साधन आहे, हे त्याने जगाला पटवले.

पटवणे मात्र सोपे गेले नाही. प्रसिद्ध लेखक थॉमस कार्लाइल हा पानिझ्झीचा कट्टर टीकाकार. ग्रंथालयात आपल्यासाठी स्वतंत्र खोली असावी, ही त्याची मागणी पानिझ्झीने फेटाळली होती. मोठ्या लेखकाला एक न्याय आणि सामान्य वाचकाला दुसरा, हे त्याला मान्य नव्हते. १८४७ साली चौकशीसाठी शाही आयोग बसला. जॉन पेन कॉलियर नावाचे विद्वान म्हणाले, एवढे नियम हवेत कशाला, थोडक्यात नोंद करावी आणि भराभर पुढे जावे. नमुना म्हणून त्यांनी आपल्या संग्रहातल्या २५ पुस्तकांच्या नोंदी करून दिल्या. विंटर जोन्सने त्या तपासल्या, तेव्हा नोंदी करताना होऊ शकतील अशा जवळजवळ सगळ्या प्रकारच्या चुका त्यात सापडल्या. विद्वान असणे वेगळे आणि यादी करता येणे वेगळे, हे आयोगासमोरच सिद्ध झाले. १८५० च्या अहवालात आयोगाने पानिझ्झीच्या बाजूने कौल दिला.

त्यानंतरचे काम डोळे दिपवणारे आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत म्युझियमला देण्याचा कायदा इंग्लंडमध्ये होता, परंतु प्रकाशक तो पाळत नसत. पानिझ्झीने बड्याबड्या प्रकाशकांना न्यायालयात खेचले. १८५२ च्या एप्रिल महिन्यात त्याने एका कागदावर गोल वाचनदालनाचे रेखाटन काढले. सिडनी स्मर्क या वास्तुविशारदाने ते उभारले. १४० फूट व्यासाच्या घुमटाखालचे हे दालन मे १८५७ मध्ये खुले झाले. पानिझ्झीने विभाग हाती घेतला तेव्हा सुमारे २ लाख ३५ हजार असलेली ग्रंथसंख्या १८५६ पर्यंत सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. त्या वर्षी तो म्युझियमचा सर्वोच्च अधिकारी झाला आणि १८६६ साली निवृत्त झाला. १८६९ साली त्याला सर हा किताब मिळाला. ज्या इटलीच्या एका राज्याने त्याला फासावर लटकवायला काढले होते, त्या एकसंध झालेल्या इटलीने त्याला सिनेटचे सदस्यत्व देऊन गौरवले. ८ एप्रिल १८७९ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. त्याने जी तालिका घाईने छापू दिली नव्हती, ती पुढे १८८१ ते १९०० या काळात छापून पूर्ण झाली.

व्यक्तिपूजा आम्हाला मान्य नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पानिझ्झी हुकूमशहा वृत्तीचा होता. नियमांचा मसुदा करताना सोबत असलेला एडवर्ड एडवर्ड्स हा मूळचा गवंडीकाम केलेला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस. त्याचे पानिझ्झीशी पटले नाही आणि १८५० साली त्याला नोकरी सोडावी लागली. त्याच वर्षी संसदेत इंग्लंडचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि त्यासाठी पुरावे गोळा करण्यात याच एडवर्ड्सचा मोठा वाटा होता. पुढे तो मँचेस्टरच्या मोफत ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झाला. कष्टकऱ्यांच्या वस्तीत ग्रंथालय पोहोचवण्याचे काम या गवंड्याने केले. म्युझियमच्या दालनात तर पानिझ्झीच्या काळातही शिफारसपत्राशिवाय प्रवेश नव्हता. गिरणीतला मजूर शिफारसपत्र कोणाचे आणणार?

आणखी एक गोष्ट. पानिझ्झीच्या नियमांत युरोपीय लेखकाची नोंद आडनावाने करायची, परंतु पौर्वात्य लेखकांची सरसकट पहिल्या नावाने, असे ठरवलेले होते. अरब, इराणी, चिनी, मराठी, तमिळ, सगळे एकाच गाठोड्यात! कोणाचे आडनाव कोणते, कोणाचे गावाचे नाव, कोणाचे बापाचे, याची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटली नाही. साम्राज्याची नजर किती बारीक ठिकाणी शिरते पाहा. नियम करणारा माणूस स्वतः परागंदा असला, तरी आपल्याहून दूरच्या माणसाला तो असाच एका शब्दात गुंडाळू शकतो, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

येथपर्यंत एका माणसाची कथा झाली. परंतु यादीचे नियम सगळ्या जगात एकसारखे वाढले नाहीत. प्रत्येक देशाने आपल्या गरजेप्रमाणे, आपल्या भाषेप्रमाणे आणि आपल्या स्वभावाप्रमाणे ते घडवले.

फ्रान्समध्ये पानिझ्झीच्याही आधी, राज्यक्रांतीच्या काळात, चर्चची आणि मठांची ग्रंथालये जप्त होऊन राष्ट्राच्या मालकीची झाली. ती मोजायची कशी? १७९१ साली सरकारने सूचना काढल्या. पत्ते खेळायचे पत्ते घ्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर पुस्तकाची नोंद करा, लेखकाच्या आडनावाखाली रेघ ओढा, मग आडनावांच्या क्रमाने पत्ते लावून कोपऱ्यातून दोरा ओवा! राष्ट्रीय पातळीवर आखलेले तालिकीकरणाचे हे जगातले पहिले नियम मानले जातात. मठाधिपतींच्या कुलुपातले ज्ञान जनतेच्या खात्यावर जमा करण्यासाठी ते जन्माला आले, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत चार्ल्स जेवेट यांनी पानिझ्झीचाच आधार घेऊन १८५० च्या दशकात नियम केले. परंतु खरे वेगळे पाऊल टाकले ते चार्ल्स अॅमी कटर यांनी, १८७६ साली. पानिझ्झीची तालिका लेखकाच्या नावावर उभी होती. लेखक माहीत असेल तर पुस्तक सापडेल. ज्याला लेखक माहीतच नाही त्याने काय करायचे? पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथांत वाढलेल्या माणसाला लेखकांची नावे घरातच कळतात. पहिल्या पिढीचा वाचक हातात फक्त प्रश्न घेऊन येतो. त्याला जमिनीच्या कायद्याविषयी वाचायचे असते, क्षयरोगाविषयी वाचायचे असते. कोणी लिहिले ते त्याला ठाऊक नसते. कटरने लेखक, ग्रंथनाम आणि विषय या तिन्ही नोंदी शब्दकोशासारख्या एकाच वर्णक्रमात आणल्या आणि यादी करणाऱ्याच्या सोयीपेक्षा वाचकाची सोय मोठी मानली. ब्रिटिश म्युझियममध्ये छापील विषयसूची निघायला १८८६ साल उजाडावे लागले.

जर्मनांची तऱ्हा आणखी निराळी. १८९९ साली प्रशियाच्या ग्रंथालयांसाठी जे नियम निघाले, त्यांत दोन गोष्टी ठळक होत्या. संस्था ही लेखक असू शकत नाही, हा एक नियम. लिहितो तो माणूस, संस्था लिहीत नाही, असा त्यामागचा विचार. दुसरा नियम असा की, लेखकाचे नाव नसेल तर ग्रंथनामातला पहिला शब्द पाहायचा नाही. व्याकरणाच्या दृष्टीने मुख्य असलेले नाम शोधायचे आणि त्याखाली नोंद करायची.

याचा अर्थ काय होतो ते आपल्या ओळखीच्या उदाहरणाने पाहू. बाबासाहेबांची पाक्षिके आणि साप्ताहिके घ्या. अमेरिकी पद्धतीने बहिष्कृत भारत हे ब अक्षराखाली येईल आणि प्रबुद्ध भारत प अक्षराखाली. जर्मन पद्धतीने दोन्हींतले मुख्य नाम भारत, म्हणून दोन्ही पत्रे भ अक्षराखाली शेजारी बसतील. आणि पानिझ्झीच्या पद्धतीने दोन्ही नियतकालिके या सामायिक मथळ्याखाली, त्यातही मुंबई या गावाखाली जातील. पत्र तेच, पण बर्लिनचा वाचक ते एका ठिकाणी शोधणार, न्यूयॉर्कचा दुसऱ्या आणि लंडनचा तिसऱ्या. शिवाय १९३० साली सुरू झालेले जनता हे पत्रच १९५६ साली प्रबुद्ध भारत झाले, ही माहिती पाहा अशा चिठ्ठीने जोडली नाही, तर एका चळवळीचा सलग इतिहास दोन तुकड्यांत पडेल.

मंडल आयोगाचा अहवालही असाच. इंग्रजी-अमेरिकी परंपरेत त्याचा कर्ता भारत सरकारचा आयोग, म्हणून नोंद भारत या नावाखाली. प्रशियाच्या परंपरेत आयोग लेखक होऊच शकत नाही, म्हणून नोंद अहवाल या नामाखाली. वरवर पाहता ही तांत्रिक कटकट वाटते. परंतु तिच्या तळाशी मोठा प्रश्न आहे. माणसांचा समूह एकत्र येऊन बोलू शकतो का, आणि बोलला तर ते बोलणे कोणाच्या नावावर लागते? ज्यांनी परिषदा भरवल्या, ठराव केले, निवेदने दिली, त्या समाजाला हा प्रश्न किरकोळ वाटता कामा नये.

इंग्रज आणि अमेरिकन ग्रंथपालांनी १९०८ साली एक सामायिक संहिता केली, तीही काही नियमांवरचे मतभेद छापूनच. जर्मन आणि इंग्रजी परंपरांची दिलजमाई व्हायला १९६१ साल उजाडले. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५३ देशांचे प्रतिनिधी जमले आणि संस्थेच्या नावाखाली नोंद करता येते, तसेच लेखक नसलेला ग्रंथ त्याच्या नावाखाली सरळ पहिल्या शब्दाप्रमाणे लावावा, यावर बव्हंशी एकमत झाले. प्रत्येक देशातल्या लेखकाचे नाव त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे लावावे, हे तत्त्वही तिथे मान्य झाले. पौर्वात्यांना एका गाठोड्यात बांधणाऱ्या नियमाला १२० वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

आपल्या देशाचे काय? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. याच सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवले. ग्रंथ लोकांकडे नेणे आणि लोकांना ग्रंथांकडे नेणे, ही दोन्ही कामे एकाच दरबारातून झाली. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन १९२४ साली लंडनला शिकायला गेले, ते पानिझ्झी जिथे इटालियन शिकवत असे त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात. परत येऊन त्यांनी १९३४ साली स्वतःची तालिका संहिता लिहिली. तिच्यात मुख्य नोंद लेखकाची नाही, विषयाच्या वर्गांकाची. लंडनने लेखक पुढे ठेवला, जर्मनीने मुख्य नाम पुढे ठेवले, भारताने विषय पुढे ठेवला.

आता आमच्या मनातली खंत. गावोगावच्या बुद्धविहारांत, समाजमंदिरांत ग्रंथांची कपाटे आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तके पिशव्या भरभरून विकत घेणारा आपल्यासारखा समाज क्वचितच दुसरा असेल. परंतु कपाटात काय आहे हे विचारले तर सांगता येत नाही. एका विहारात आम्ही स्वतः पाहिले. कपाट भरलेले, कुलूप लावलेले, किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही, आणि यादी म्हणून दाखवलेल्या वहीत फक्त देणगीदारांची नावे! पुस्तक देणाऱ्याची नोंद आहे, लिहिणाऱ्याची नाही.

दुसरी खंत याहून गंभीर आहे. आपल्या चळवळीचे कितीतरी साहित्य पातळ पुस्तिकांतून छापले गेले. जलशांची गाणी, परिषदांचे ठराव, स्मरणिका, छोटी चरित्रे. अनेकांवर छापल्याचे साल नाही, गावाचे नाव नाही, कधी लेखकाचेही नाव नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीची ग्रंथालये यांना स्वखर्चाने पाठवायची असते. आपल्यातले किती छोटे प्रकाशक हे करतात? जे जमा होत नाही त्याची नोंद होत नाही आणि ज्याची नोंद नाही ते उद्याच्या संशोधकाच्या लेखी कधी छापलेच गेले नव्हते. मग दुसरे कोणी आपला इतिहास लिहिणार आणि आपण पुरावा नाही म्हणून गप्प बसणार.

उपाय अवघड नाही आणि त्याला ९१ नियमही लागत नाहीत. आमचे सांगणे एवढेच. प्रत्येक विहाराने एक वही घालावी. तिच्यात लेखक, ग्रंथनाम, विषय, गाव, साल आणि कपाटाचा क्रमांक असावा. नाव अनेक रूपांनी येत असेल तर एक रूप पक्के करून बाकीच्यांपुढे पाहा असे लिहावे. दहावी-बारावीच्या मुलामुलींना हे काम द्यावे. यादी करता करता ती पुस्तके चाळतील आणि चाळता चाळता वाचू लागतील. छापणाऱ्याने पुस्तिकेवर लेखक, गाव आणि साल घातल्याशिवाय ती छापूच नये आणि प्रती कायद्याप्रमाणे पाठवाव्यात. आणि कपाटाची किल्ली अशा माणसाकडे ठेवावी जो संध्याकाळी विहारात हजर असतो.

ब्रिटिश म्युझियमचे ते गोल दालन १९९७ साली वाचनालय म्हणून बंद झाले आणि ग्रंथ नव्या इमारतीत गेले. ज्या खंडांतून बाबासाहेबांनी पुस्तके शोधली, त्यांची जागा संगणकाने घेतली. परंतु मुंबईहून आलेला एक विद्यार्थी तिथे बसून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहू शकला, त्याला मधल्या कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही, कारण यादी सर्वांसाठी उघडी होती. बाबासाहेबांनी पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. त्यांच्या नावाने उभ्या केलेल्या आपल्या कपाटांत काय आहे, हे निदान येत्या १४ एप्रिलपर्यंत आपल्याला सांगता आले पाहिजे.